अंगणाच्या दोन बाजूंना

पत्र:

“आमचं पुण्यातलं जुनं अनुदानित कॉलेज आहे. चार वर्षांपूर्वी संस्थेने आवारातच मागच्या बाजूला नवी इमारत बांधली आणि ‘लिबरल आर्ट्स’ची विनाअनुदानित पदवी सुरू केली. वर्षाची फी दीड लाखाच्या पुढे. मी तिथे इंग्रजी शिकवते. जूनमध्ये प्राचार्यांनी समान संधी कक्षाचं काम माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, ‘पुढच्या वर्षी कॉलेजच्या मूल्यांकनासाठी नॅकची टीम येतेय, एक छान डायव्हर्सिटी वीक होऊन जाऊ दे.’ मी कार्यक्रमांची यादी करायला बसले आणि पेन अडलं. गेल्या वर्षी सातपुड्यातल्या धडगावकडची एक आदिवासी मुलगी फीमाफीच्या जागेवर आमच्याकडे आली होती. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही. मी दोनदा फोन लावला, लागला नाही. मग परीक्षांच्या गडबडीत राहून गेलं. स्टाफरूममध्ये विषय काढला तर एक ज्येष्ठ सर म्हणाले, ‘मॅडम, आपल्याकडे जात कोण बघतं? तुम्हीच लेबलं लावाल आणि मुलांत फूट पाडाल.’ आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे विविधता आहेच कुठे? वर्गात ऐंशी मुलं, बहुतेक सगळी एकाच तऱ्हेच्या घरांतली. सुरुवात कुठून करू?”

– एक समन्वयक, पुणे

उत्तर:

मॅडम,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ‘आमच्याकडे विविधता आहेच कुठे?’ आहे की. तुमच्या वर्गाच्या खिडकीतून दिसतेय. अंगण ओलांडलं की जुनी दगडी इमारत आहे, तिथे सकाळी सव्वासातला अनुदानित बी.ए.चे तास सुरू होतात. वाघोलीहून दोन पीएमपी बस बदलून येणारी, संध्याकाळी जेवणाचे डबे पोचवणारी, करमाळ्याहून आणि किनवटहून आलेली, लहान मूल आईकडे ठेवून वयाच्या तिसाव्या वर्षी पुन्हा शिकायला बसलेली, अशी सगळी तिथे आहेत. संस्था तीच, लेटरहेड तेच, गेटवरचा शिपाईही तोच. फक्त तुम्ही लिहिताना ‘आमच्याकडे’ म्हणालात आणि त्यात ती इमारत आली नाही.

हे टोमणा म्हणून लिहीत नाही. तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या बाईला टोमणे मारायची हौस उरत नाही. पण तुमचं काम काय आहे ते या एका शब्दातून मला कळलं. विविधता बाहेरून आणायची नाही, पोस्टरवर चिकटवायची तर नाहीच. दोन इमारतींमधलं अंगण चालण्यापुरतं मोकळं करायचं आहे. असं अंगण मी दोन-तीन कॉलेजांत पाहिलंय. एकीकडे ओळखपत्राची नाडी निळी, दुसरीकडे लाल. एका बाजूच्या मुलांना वातानुकूलित वाचनकक्ष, दुसऱ्या बाजूच्यांना तिथे ‘परवानगीने प्रवेश’. कुणी मुद्दाम वाईट ठरवलेलं नसतं. ज्याची फी जास्त त्याला सोय जास्त, एवढा सरळ हिशेब असतो. पण अठरा वर्षांच्या मुलाला नाडीचा रंग पहिल्या दिवशी कळतो.

म्हणून डायव्हर्सिटी वीकच्या आधी वेळापत्रकाचा कागद हातात घ्या. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या शाखेबाहेरचा विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून घ्यावाच लागतो. शिवाय फील्ड प्रोजेक्ट आहे, त्यालाही श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, आहेत. दोन्ही इमारतींतल्या मुलांना हे करावंच लागणार आहे आणि आज तुम्ही ते दोनदा, वेगवेगळं भरवताय. एकच करा. चाळीस जागांचं एक इलेक्टिव्ह, वीस या बाजूचे, वीस त्या बाजूचे. स्वायत्त कॉलेज असाल तर विषय आपल्या अभ्यास मंडळापुढे ठेवा. नसाल तर विद्यापीठाच्या यादीतलाच एखादा विषय निवडा. वेळ मात्र जपून ठरवा. सकाळच्या सत्राची मुलं साडेअकराला कामावर पळतात. दुपारी दोनचा तास ठेवलात तर त्यांची नावं कागदावर राहतील आणि खुर्च्या रिकाम्या.

विषय निवडताना एक चलाखी करा. असा विषय घ्या, ज्यात पलीकडच्या पोराला जास्त कळतं. मार्केट यार्डात भाजीचा भाव पहाटे कसा ठरतो, बसचा मार्ग बंद झाला की कुणाचा रोजगार बुडतो, ऊसतोडीला गेलेल्या घरातली मुलं सहा महिने शाळेचं काय करतात. गटात अशी मिसळ असली की पहिल्याच भेटीत नकाशा कुणाच्या हातात जातो ते बघत राहा. नव्या इमारतीतली मुलगी उत्तम इंग्रजीत अहवाल लिहील, पण यार्डातल्या आडत्याशी बोलायला तिला शेजारचा लागेल. एरवी आपण ‘मदत करणारे’ आणि ‘मदत घेणारे’ अशीच जोडी लावतो. माझ्या काळात ‘हुशार मुलांनी कच्च्या मुलांना दत्तक घ्यावं’ अशी योजना होती, नावासकट. ज्याला दत्तक घेतलं त्याला काय वाटलं हे आम्ही कधी विचारलं नाही.

आता ऑफिसच्या खिडकीकडे या. मुलांना कॉलेज पहिल्यांदा भेटतं ते तिथे, आणि आपण प्राध्यापक तिथे सहसा फिरकत नाही. एक आठवडा रोज अर्धा तास त्या खिडकीच्या शेजारी नुसत्या उभ्या राहा. शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन आलेल्या मुलाशी कोणत्या आवाजात बोललं जातं ते ऐका. ‘कॅटेगरी काय रे तुझी?’ हे किती मोठ्याने विचारलं जातं? मागे रांगेत वीस जण असतात. नोटीस बोर्डावर लाभार्थ्यांची यादी प्रवर्गाच्या रकान्यासकट लागते का? लागत असेल तर तो कागद उद्याच काढायला सांगा. यादी हजेरी क्रमांकाने लावता येते, त्याला ना शासन निर्णय लागतो ना ठराव.

हे मी इतकं ठासून सांगते कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. ऑफिसमधून चिठ्ठी आली आणि मी भर वर्गात म्हणाले, ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा, नावं लिहून घेते.’ अकरा जण उठले. एक मुलगा उठला नाही. यादीत त्याचं नाव होतं, मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने वहीत पाहिलं. मला वाटलं, नको असेल. त्या वर्षी त्याचा फॉर्म गेला नाही. जानेवारीत तो हडपसरच्या एका गोदामात रात्रपाळी करत असल्याचं कळलं. त्या अकरांची नावं मी विसरले, त्याचं लक्षात आहे.

पैशांचं गणितही नीट समजून घ्या, कारण आपल्यातल्या बहुतेकांना ते येत नाही. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असते, अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. रक्कम थेट मुलाच्या खात्यात येते आणि त्याने ती कॉलेजात भरायची असते. ती कधी येते, हा वेगळा विषय. प्रवेश जूनमध्ये आणि पैसे पुढच्या मार्चमध्ये, असं मी वर्षानुवर्षं पाहिलंय. मधल्या नऊ महिन्यांत ऑफिस हॉलतिकीट अडवतं. तुमच्या कक्षाने एकच ठराव करून घ्यावा: शिष्यवृत्ती मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे म्हणून कुणाचंही हॉलतिकीट, गुणपत्रिका किंवा दाखला अडणार नाही. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, पुण्यात वर्षाला ६० हजारांपर्यंत. आदिवासी मुलांसाठी त्याच धर्तीची स्वयं योजना आहे. तुमच्या फीमाफीच्या मुलीला हे कुणी सांगितलं होतं का? फी माफ झाली, पण डबा, खोलीचं भाडं, बसचा पास, आणि सगळी नव्या इमारतीतल्या कॅफेत कॉफीला निघाली की बाथरूमला जाते म्हणून सटकणं, यातलं काहीच माफ झालेलं नसतं.

आदिवासी विभागाच्या वसतिगृहांची गंमत ऐका, म्हणजे गंमत कसली. शहरांतल्या वसतिगृहांमध्ये २०१८ साली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यात टाकायचं ठरलं. पैसे उशिरा आले की पोटाचं काय, असं विचारत मुलं पुण्याहून नाशिकला पायी निघाली होती. तशा वसतिगृहातलं कुणी तुमच्या वर्गात बसलेलं असतं आणि आपण शिकवत असतो भुकेवरची एखादी सुंदर इंग्रजी कविता.

भाषेवर थोडं थांबते, कारण तुम्ही इंग्रजीच्या आहात. धडगावकडची मुलगी म्हणजे बहुधा घरात पावरी नाहीतर भिली बोलणारी. तिची मराठी ही शाळेत शिकलेली दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. आपण तिला ‘मराठी मीडियमची’ म्हणून एका शब्दात मोकळे होतो. तुमच्या वर्गात तिला एकाच वेळी इंग्रजी ऐकायचं, मनात मराठीत आणायचं, तिथे अडलं तर पावरीत विचार करायचा आणि परत इंग्रजीत हात वर करायचा. तोवर तुमचा प्रश्न पहिल्या बाकावरून सुटलेला असतो. चर्चेचा प्रश्न आदल्या तासाला फळ्यावर लिहून द्या. चर्चा सुरू करण्याआधी सगळ्यांना पाच मिनिटं लिहू द्या, कुठल्याही भाषेत. मग बोलायला सांगा, कुठल्याही भाषेत. दुसऱ्याने त्याचं इंग्रजी करावं. आणि परीक्षेचं म्हणाल तर अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत, असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवलेलं आहे. तुमचे सहकारी म्हणतील, दर्जा घसरेल. त्यांना विचारा, कसला दर्जा? समाजशास्त्राचा की स्पेलिंगचा?

आता त्या ज्येष्ठ सरांकडे. ‘जात कोण बघतं’ म्हणणाऱ्याशी जातीवर वाद घालू नका, दिवस वाया जाईल. त्यांना एवढंच विचारा: गेल्या पाच वर्षांत कक्षाकडे किती तक्रारी आल्या? ‘एकही नाही’ असं ते अभिमानाने सांगतील. शून्य तक्रारींचे अर्थ दोन. कॉलेज स्वर्ग आहे, किंवा तक्रारपेटीची किल्ली कुणाच्या खिशात आहे ते मुलांना माहीत आहे. यूजीसीच्या २०१२ च्या समता नियमांत समान संधी कक्षाबरोबर भेदभावविरोधी अधिकारीही नेमायला सांगितलं होतं. तुमच्याकडे तो कोण आहे? कुठे बसतो? माझ्या कॉलेजात तो कोण हे शोधायला मला दोन दिवस लागले, आणि शेवटी कळलं की कागदोपत्री ती मीच होते.

त्या नियमांमागे दिल्लीच्या एम्सचं प्रकरण होतं, हेही सरांना सांगा. २००६–०७ मध्ये आपल्या विदर्भातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांच्या समितीने तिथल्या मुलांशी बोलून अहवाल दिला. दलित-आदिवासी मुलं त्रासाला कंटाळून खोल्या बदलत बदलत वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर एकवटली होती, असं त्यात आढळलं. कुणी फर्मान काढलं नव्हतं. देशातली सगळ्यात हुशार मानली जाणारी मुलं होती ती, आणि ‘जात कोण बघतं’ म्हणणारे प्राध्यापक तिथेही असणारच.

पण सर अर्धे बरोबर आहेत, आणि हे अर्धं तुम्ही सोडू नका. लेबलांची भीती खरी आहे. मला धास्ती आहे ती तुमच्या डायव्हर्सिटी वीकची. कार्यक्रम ठरेल, ‘विविधतेत एकता’. कुणीतरी सुचवेल की आदिवासी नृत्य ठेवू. मग जी मुलगी वर्षभर कुणाच्या नजरेत आली नाही तिला शोधून काढतील, डोक्यावर मोरपिसं खोचतील आणि पहिल्या रांगेत नाचायला लावतील. ती नाही म्हणू शकणार नाही. किंवा ‘माझा संघर्ष’ नावाचं सत्र होईल आणि पारधी समाजाच्या मुलाला हातात माइक देऊन घरची कहाणी सांगायला लावतील. त्याचं आडनाव काळे असतं, भोसले असतं, पवार असतं. वर्गात त्याचं त्याचं बरं चाललेलं असतं. आपण टाळ्यांसाठी त्याचं पांघरूण ओढून काढतो. कुणाला आपणहून बोलायचं असेल तर जरूर बोलू द्या. यादी करून बोलवू नका.

आणखी एक तक्रार तुमच्या कानावर येईल: ‘ती मुलं आपापलीच बसतात, मिसळत नाहीत.’ बसू द्या. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं काढली ती एकेका समाजाची होती: मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. आज कुणी म्हणेल, हे तर फूट पाडणं झालं. पण शिकायला शहरात पहिल्यांदा आलेल्या पोराला आधी पाठ टेकायला भिंत लागते. मिसळण्याची पाळी त्यानंतर येते. भाऊराव पाटील त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, ही हकीकत रयत शिक्षण संस्थेत अजून सांगतात. पुढे १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं ते सगळ्या जातींचं मिळून. तिथे समतेवर भाषणं झाली असतील-नसतील, पण दळण, पाणी, स्वयंपाक मुलांनीच करायचा आणि एका पंगतीला बसायचं, हे रोज होतं. ‘कमवा आणि शिका’ तिथूनच रुजलं. तुमच्या कॉलेजात ही योजना असेलच. तिच्यात मुलांना काय काम देता ते बघा. झाडलोट आणि बाग एवढंच असेल, आणि ते फक्त जुन्या इमारतीतली मुलंच करत असतील, तर नव्या इमारतीतल्यांनाही ग्रंथालयाचे दोन तास लावा. हात एकाच कामाला लागले की बोलायला विषय सुचतो.

दिव्यांग मुलांचं वेगळं प्रकरण करत नाही, पण २०१६ च्या कायद्याने अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्यात आणि दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झालेत. त्यात न दिसणारेही आहेत. तुमच्या लिफ्टवर ‘फक्त शिक्षकांसाठी’ लिहिलंय का, तेवढं आज बघून घ्या.

प्राचार्यांशी भांडू नका. त्यांना नॅकसाठी ‘बेस्ट प्रॅक्टिस’ लागते, द्या. एक वही घाला. गेल्या चार वर्षांत दोन्ही इमारतींत कोण आलं, पहिल्या सत्राला कोण बसलं, दिवाळीनंतर कोण परतलं, कोण नाही, आणि न परतलेल्याला कुणी, कधी फोन केला. शेवटचा रकाना आज बराचसा कोरा असेल. तो भरलात तर कुठल्याही पोस्टरपेक्षा जड कागद तयार होईल, आणि प्राचार्यही तो आनंदाने फाइलला लावतील. सप्ताहाचा आग्रह राहिलाच तर एक दिवस घ्या, दोन्ही इमारतींचा मिळून फराळ, अंगणात. भाषण कुणाचंच नको.

आणि त्या मुलीला फोन करा. पण तसाच नको. आधी ऑफिसात जाऊन तिने पहिल्या सत्राची परीक्षा दिली होती का ते काढा. दिली असेल आणि पास झाली असेल तर तिचे श्रेयांक अॅकॅडमिक बँकेत, म्हणजे श्रेयांक साठवणाऱ्या तिच्या ऑनलाइन खात्यात, जमा असतील, ते एवढ्यात वाया जात नाहीत. दिली नसेल तर पुन्हा बसायचा फॉर्म कधी निघतो ते विचारा. स्वयं योजनेची मुदत बघा. तिला जुन्या इमारतीतल्या बी.ए.ला यायचं असेल तर जागा आहे का हेही विचारून ठेवा. कदाचित तिला तेच हवं असेल आणि त्यात तुमचा काही पराभव नाही. तिच्या गावाकडची आणखी दोन मुलं त्या इमारतीत आहेत का पाहा, त्यांच्याकडे तिचा चालू नंबर असायची शक्यता तुमच्या रजिस्टरपेक्षा जास्त. सातपुड्यात रेंज सगळीकडे नसते, तेव्हा फोन नाही लागला तर त्या मुलांच्या हाती चिठ्ठी द्या. आणि लागला तर ‘का गं आली नाहीस?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर देता येत नाही म्हणूनच ती गप्प आहे. फॉर्मची तारीख सांगा, आणि त्या दिवशी कितीला येशील ते विचारा.